हात काढा, कृपया

या इमारतीत पूर्वी लोकर विणत.
आता आम्ही इथे शाई छापतो
पातळ प्लास्टिकवर, निळी, जवळजवळ काळी.
वाळली की बोटाला लागत नाही,
पट्टी दुमडली तरी तडकत नाही.
तिच्या एका अंगाला ऊब हवी, दुसऱ्या अंगाला गारठा.
मग त्या दोहोंच्या मधून
किंचितशी वीज पाझरते.

वाचनालयात चिठ्ठी डकवली होती आम्ही:
मनगट हवं आहे, दोन तासांसाठी.
आली सिर्का हाउतामॅकी. वय अठ्ठ्याहत्तर.
सोळाव्या वर्षी फिनलंडहून बोटीनं आलेली,
याच मजल्यावर उभी, खिडकीकडून तिसऱ्या मागापाशी.
कोट काढायच्या आधी तिनं
फरशीतली चार बुजवलेली भोकं शोधली.
"इथे पाय रोवलेले होते," म्हणाली.
मागाचे की स्वतःचे, ते कळलं नाही.
तिला कमी ऐकू येतं. माग भंगारात गेले
ते जाताना तिचे कान घेऊन गेले.

पट्टी तिनं उलटीपालटी केली,
नखानं कड खरवडून पाहिली.
"वीण कुठाय?"
वीण नाही, मी ओरडून म्हटलं, छापलंय.
"म्हणजे उसवायचं नाही."
मग थोडं थांबून,
"पण रफूही नाही व्हायचं."

मनगटावर बांधली. मीटर शून्य दशांश चार.
खोलीत बावीस अंश, तिची कातडी तिशीच्या आसपास,
पट्टीच्या दोन्ही बाजू लगेच एकमेकींसारख्या झालेल्या.
"खोली फार लाडावलीय तुमची," सिर्का म्हणाली
आणि उठून जिना उतरू लागली,
वायर, मीटर, नोंदवही आणि मी
तिच्या मागोमाग.

पुलावर फेब्रुवारीची थंडी मी म्हणत होती.
खाली मोताला नदी बांधावरून कोसळत होती,
कठड्यावर उडालेले थेंब जागच्या जागी गोठलेले.
एक दशांश नऊ.
तीन दशांश एक.
चार दशांश दोन मिलिव्होल्ट!
एवढ्यात काय होतं, तिनं विचारलं.
काही नाही, मी म्हटलं, खोटं कशाला बोलू.
अशा शेकडो पट्ट्या जोडल्या
तर बटणाएवढं एक यंत्र कधीतरी जागं होईल,
एक आकडा पाठवील, परत झोपेल.
"माझ्यासारखंच," म्हणाली.

बाकावर एस्किल बसला होता, तिला न्यायला आलेला.
रंगखात्यात होता तो. ज्या दिवशी जो रंग हौदात
त्या दिवशी तोच नदीत, असं सांगतो.
त्याला सिर्काचं उघडं मनगट दिसलं.
त्यानं हातमोजा काढला, खिशातल्या उबेसकट
सगळा पंजा पट्टीवर ठेवला.

हात काढा, कृपया, मी म्हटलं.
नदीचा आवाज.
हात काढा!
त्याला ऐकू गेलं नाही, तिला तर नाहीच.
एक दशांश सात, शून्य दशांश पाच, शून्य.
मग आकड्याच्या आधी एक आडवी रेघ उमटली.
उणे शून्य दशांश तीन.
असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं.
ऊब उलट्या दिशेनं निघाली होती,
त्याच्याकडून तिच्याकडे, शाईतून,
आणि दोघं पाण्याकडे बघत
कुठल्याशा मुकादमाला शिव्या देत होती.

मी गप्प राहिले. बोटं बधिर झाली तरी
दर दहा सेकंदांनी आकडा लिहीत राहिले,
उणे, उणे, उणे.

संध्याकाळी आमच्या बाई आलेख पाहून म्हणाल्या,
अकरा वीसला काय बिघडलं?
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: वारा पडला.
वारा पडल्यानं आकडा शून्यापर्यंत येईल,
खाली जाणार नाही, हे त्यांना माझ्याहून पक्कं ठाऊक.
त्यांनी रेघेवरून एकदा बोट फिरवलं,
चष्मा पुसला,
सही केली.